जिन्याखालची मीटरं आणि नियमात एक बदल: कामाच्या नोंदी

2 फेब्रुवारी 2025, रविवार

आजपासून या कामाच्या नोंदी लिहून ठेवतीये. आत्तापर्यंत सगळं व्हॉट्सॅपवर विखुरलंय, आणि उद्या दुसऱ्या भागातल्या कुणाला हेच करायचं झालं तर हाताशी काहीतरी असावं.

काम असंय. पुण्यात सहकारनगर, धनकवडी, बिबवेवाडी या पट्ट्यात खाली पार्किंग आणि वर तीन-चार मजले अशा जुन्या सोसायट्या भरपूर आहेत, जिना एकच, आणि त्या जिन्याखालच्या पोकळीत नाहीतर पहिल्या पायरीला लागूनच अख्ख्या बिल्डिंगची मीटरं. मीटरांना चिकटून टू-व्हीलर, आणि आता त्यातच चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर. म्हणजे बिल्डिंगमध्ये आग लागायची भीती जिथे सगळ्यात जास्त, तिथूनच सगळ्यांचा बाहेर पडायचा एकमेव रस्ता. आग खाली लागली की गरम धूर जिन्यातून वर जातो, जिना धुराड्यासारखा ओढ घेतो आणि वरच्या माणसानं दार उघडलं की धूर थेट घरात. बहुतेक वेळा ज्वाळा पोचायच्या आधी धुरानंच माणूस जातो. खिडक्यांना पक्क्या ग्रिल, त्यामुळे तिकडूनही वाट नाही.

मुंबईतल्या गोरेगावची 6 ऑक्टोबर 2023 ची आग आठवा. तळमजला आणि वर पाच मजले, पहाटेची वेळ, खाली पार्किंगमध्ये ठेवलेले कापडाचे गठ्ठे आणि गाड्या पेटल्या, धूर वर गेला आणि त्या दिवशीच 7 जण गेले. ती बिल्डिंग आणि आमच्या बिल्डिंगा यात फार फरक नाहीये, हेच मला झोपू देत नाही.

आज गच्चीवर मीटिंग झाली. ठरलं ते एवढंच की तक्रार करत बसायचं नाही, नियमात काय बदल हवा तो लिहून योग्य ठिकाणी द्यायचा. पण ते योग्य ठिकाण कुठलं, हे कुणालाच नीट माहीत नाही. पहिलं काम तेच.

9 फेब्रुवारी, रविवार

आमच्या भागात वर्षानुवर्षं वायरिंगचं काम करणाऱ्या दादांना घेऊन आसपासच्या सोसायट्यांचे मीटर बोर्ड बघितले. दादा म्हणाले, "ताई, आग मीटरमध्ये नाही लागत शक्यतो, जोडात लागते." मग दाखवलं. ॲल्युमिनियमची केबल, तिचा स्क्रू वर्षानुवर्षं कुणी आवळलेला नाही, जोड सैल झाला की तिथे उष्णता तयार होते, इन्सुलेशन हळूहळू कडक होऊन तडकतं, आणि मे महिन्यात सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की त्याच जोडावर सगळा भार. बोर्ड लाकडी. काही ठिकाणी अजून चिनीमातीचे जुने फ्यूज, त्यात जाड तार गुंडाळलेली.

बोर्डाखाली काय होतं ते पण लिहून ठेवते: रंगाचे अर्धे डबे, थिनर, गणपतीच्या मांडवाचं कापड, मोडका सोफा, रद्दी. एका ठिकाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून रात्रभर स्कूटर चार्ज होत होती, वायर जिन्याच्या कठड्याला बांधलेली. जिच्या घरातली वायर होती ती मुलगी म्हणाली, चार्जिंग पॉइंट मागून वर्ष झालं, सोसायटी देत नाही, मी करू काय. तिचं चूक नाहीये. नियम नुसतं "करू नका" म्हणत राहिला आणि पर्याय दिला नाही तर लोक असंच करणार. हे प्रस्तावात यायलाच पाहिजे.

दादांनी अजून एक गोष्ट नीट समजावली, मीटरपर्यंतची केबल वीज कंपनीची, मीटरच्या पुढचं सगळं आपलं. त्यामुळे "वीजवाल्यांनी बघावं" आणि "सोसायटीनं बघावं" यात बोर्ड बेवारस राहतो.

10 फेब्रुवारी, सोमवार

माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन टाकला. आपल्या राज्यात अर्ज 150 शब्दांत बसवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. विचारलं फक्त एवढंच: गेल्या तीन वर्षांत रहिवासी इमारतींत लागलेल्या आगींपैकी किती मीटर बोर्डपासून आणि किती पार्किंगमधून सुरू झाल्या. 150 शब्दांची मर्यादा सुरवातीला अडचणीची वाटली पण तिच्यामुळे प्रश्न नेमका होतो, असं माझं मत झालंय.

23 फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे वाचन. ही नोंद लांब होणार, पण सगळ्यात उपयोगाची हीच आहे, कारण आग या विषयाचा नियम एका पुस्तकात नाहीच.

सगळ्यात वर राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे एनबीसी, ती भारतीय मानक ब्युरो म्हणजे बीआयएस काढतं, पहिली 1970 ची, मग 1983, 2005 आणि आत्ताची 2016. तिच्या चौथ्या भागात आग आणि जीवसुरक्षा. 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत ती हायराइज, ही व्याख्या तिथलीच. पण एनबीसी आपोआप कायदा होत नाही, राज्यानं किंवा महापालिकेनं आपल्या नियमांत घेतली तरच ती बांधील. अग्निशमन सेवा हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतला विषय, म्हणजे महापालिकांकडे सोपवता येण्यासारखा. 2019 साली केंद्रीय गृहमंत्रालयानं राज्यांसाठी नमुना विधेयक तयार करून पाठवलं, पण नमुना म्हणजे नमुनाच, कायदा राज्यानं करायचा.

आपला राज्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. अंमल डिसेंबर 2008 पासून, त्याचे नियम 2009 चे. यात जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि ज्या इमारतींना यंत्रणा बसवणं बंधनकारक आहे त्यांनी ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं, तोच तो फॉर्म बी. सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये "फॉर्म बी भरला का" विचारतात ते हेच.

आणि बांधकामाचे नियम म्हणजे यूडीसीपीआर (एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली), राज्यभरासाठी डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेले, मुंबई वगैरे काही भाग सोडून. पण ते नवीन परवानगीला, वाढीव बांधकामाला, रीडेव्हलपमेंटला लागतात. 1985 साली बांधलेल्या आणि तशीच उभी असलेल्या बिल्डिंगला यूडीसीपीआरमधली सुधारणा हातसुद्धा लावत नाही!! हे कळल्यावर आमचा अर्धा विचारच बदलला, कारण सगळ्यांच्या डोक्यात "यूडीसीपीआरमध्ये एक ओळ टाकून घेऊ" असंच होतं.

आता मुख्य गोष्ट. एनबीसीत आधीपासूनच लिहिलंय की आगीचा धोका असलेली कुठलीही जागा, कोठीसुद्धा, थेट जिन्यात उघडता कामा नये, आणि विजेचे शाफ्ट किंवा गॅसच्या पाइप जिन्यातून जाऊ नयेत. म्हणजे तत्त्व आहेच! ते 15 मीटरच्या आतल्या जुन्या बिल्डिंगपर्यंत पोचत नाही एवढंच. त्या उंचीखाली नियमांचा भार एकदम हलका होतो, आणि जुन्या असल्यामुळे त्या नव्या नियमांतूनही सुटतात. त्यामुळे आम्ही नवं काही मागत नाहीये, जे तत्त्व देशानं मान्य केलंय ते आमच्या जिन्यापर्यंत आणा म्हणतोय. मांडणी याच शब्दांत करायची असं आज ठरलं.

3 मार्च, सोमवार

महापालिकेसारख्या स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात अभिलेख बघता येतात, अर्ज न करता. राज्य सरकारनं 2018 मध्ये तसं परिपत्रक काढलं, आणि पुण्यात ही पद्धत त्याच्याही आधीपासूनची. आज आम्ही तिघं गेलो, बांधकामाच्या नियमांत पूर्वी झालेल्या फेरबदलांच्या फायली आणि जाहीर सूचना बघायला.

त्यातून प्रक्रिया नीट समजली. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली महापालिका स्वतः किरकोळ फेरबदल सुचवू शकते, राजपत्रात सूचना निघते, कुठल्याही व्यक्तीला एका महिन्यात हरकत किंवा सूचना देता येते, मग सुनावणी, मग प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य सरकारकडे. राज्य सरकार स्वतः फेरबदल करणार असेल तर त्याच कलमाच्या 1एए खाली, तिथेही सूचना-हरकती मागवतात. हे लिहिताना, म्हणजे मार्च 2025 मध्ये, आपल्या महापालिकेवर मार्च 2022 पासून प्रशासक आहेत, सर्वसाधारण सभेत विषय मांडायला नगरसेवकच नाहीत, त्यामुळे महापालिकेकडून सुरवात करून घ्यायची तर पत्र आयुक्तांनाच.

फायलीत लोकांच्या जुन्या हरकती पण होत्या, त्या वाचून खूप शिकायला मिळालं. बऱ्याच पत्रांत दोन-दोन पानं राग होता आणि शेवटी "तरी योग्य ती कार्यवाही व्हावी". अशा पत्राचं अधिकारी करणार तरी काय, सारांशात एक ओळ येते "विरोध दर्शविला" आणि पुढे जातं. ज्या पत्रात "नियम अमुक, ओळ अमुक, त्याऐवजी असं लिहा" होतं त्याच्यावर मात्र अभिप्राय लिहिलेला दिसला, काही ठिकाणी अमान्य, पण कारण देऊन. मला तेवढंसुद्धा मोठं वाटतं, कारण दिलं की पुढच्या वेळी त्या कारणाला उत्तर देता येतं.

13 मार्च, गुरुवार

माहिती अधिकाराचं उत्तर आलं. आगी नोंदवल्या जातात, कारणाच्या रकान्यात "शॉर्टसर्किट" असतं, पण आग बिल्डिंगमध्ये नेमकी कुठून सुरू झाली याची वेगळी वर्गवारी संकलित केलेली नाही. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही, कारण मुद्दा माणसांचा नाही, फॉर्मचा आहे. फॉर्ममध्ये तो रकानाच नसेल तर आकडा कुठून येणार, आणि आकडा नाही म्हणून नियम होत नाही. प्रस्तावात एक मुद्दा वाढला: आगीच्या अहवालात "उगमस्थान" असा रकाना हवा, त्यात मीटर बोर्ड, पार्किंग, चार्जिंग, स्वयंपाकघर, देवघर, डक्ट असे पर्याय. याला खर्च जवळजवळ शून्य आणि मला वाटतं सगळ्यात आधी मान्य होण्यासारखा मुद्दा हाच आहे.

23 मार्च, रविवार

आज फक्त एका वाक्यावर काम केलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

कच्चा मजकूर होता: "सोसायट्यांनी जिन्याजवळ ज्वलनशील वस्तू ठेवू नयेत व योग्य ती काळजी घ्यावी." आमच्यातले निवृत्त फायरमन काका म्हणाले, "हे मी तपासायला आलो तर काय तपासू? जवळ म्हणजे किती? काळजी मोजायची कशी?" बरोबर आहे. तपासणारा माणूस टेप घेऊन येतो, त्याला हो किंवा नाही लिहिता आलं पाहिजे.

मग अंतरावर चर्चा. कुणी म्हणालं पहिल्या पायरीपासून 3 मीटर एकही गाडी नको. कागदावर छान, पण आम्ही खाली जाऊन टेप लावली तर अर्ध्या सोसायट्यांत तेवढ्यानं निम्मं पार्किंगच जातं आणि मग हा नियम कुणी पाळणारच नाही. न पाळला जाणारा नियम तर नसलेल्यापेक्षा वाईट, कारण सगळ्यांना वाटत राहतं की सोय झालीये. शेवटी अंतराऐवजी वाट धरली: जिन्याच्या पूर्ण रुंदीइतकी पट्टी, पहिल्या पायरीपासून बिल्डिंगच्या बाहेर उघड्या जागेपर्यंत, जमिनीवर पिवळ्या रंगानं आखलेली, तिच्यात गाडी, सामान, काहीही नाही. रंगाची रेघ सगळ्यांना दिसते, वॉचमनलाही आणि सात वर्षांच्या पोरालाही.

मीटरांचं दोन पर्यायांत लिहिलं: एक तर बोर्ड बाहेरच्या भिंतीवर हलवा, नाहीतर जिथे आहे तिथे न जळणाऱ्या साहित्याची पार्टिशन आणि जिन्याच्या बाजूला बंद राहणारं दार करा, पण हवा खेळायला जाळी बाहेरच्या बाजूनं. शिवाय लाकडी बोर्ड बदलायचा. चार्जिंगचं: जिन्याखाली आणि वाटेत चार्जिंग नाही, आणि सभासदानं मागितलं तर सोसायटीनं ठरवलेल्या जागी, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबीसह (भार जास्त झाला किंवा करंट गळला की आपोआप वीज तोडणारे स्विच) पॉइंट दिलाच पाहिजे. हे दुसरं वाक्य त्या स्कूटरवाल्या मुलीसाठी. काही जणांना ते जास्त वाटलं, मी मात्र अडून बसले, बंदी आणि सोय एकाच कलमात हवी.

मुदत काय द्यायची? रंगाची पट्टी आणि सामान हटवणं 3 महिने, मीटरांचं काम 3 वर्षं. काकांचं म्हणणं 3 वर्षं खूप होतात. पण पैसे गोळा करायला, वीज कंपनीकडून शटडाउन मिळायला वेळ लागतोच, म्हणून ठेवली.

6 एप्रिल, रविवार

बीआयएसचा मार्ग. मानकाचा मसुदा तयार झाला की तो लोकांच्या अभिप्रायासाठी खुला करतात, साधारण 60 दिवस, आणि अभिप्राय द्यायचा ठरलेला तक्ता असतो: कलम क्रमांक, अभिप्रायाचा प्रकार म्हणजे सर्वसाधारण, तांत्रिक की संपादकीय, कारण, आणि सुचवलेला मजकूर. एनबीसीचं काम सीईडी 46 या समितीकडे, अग्निशमनाच्या मानकांचं सीईडी 22 कडे. मसुदा खुला नसतानाही दुरुस्तीचा प्रस्ताव देता येतो, 2018 च्या बीआयएस नियमांत सरकारी खाती, उद्योग, व्यावसायिक संस्था यांच्याबरोबर ग्राहक संघटनांचंही नाव आहे, म्हणून आम्ही एका ग्राहक संघटनेला विचारलं आणि त्यांनी लेटरहेड द्यायची तयारी दाखवली. मानकांचा आढावा साधारण पाच वर्षांनी घेतात, त्यामुळे आत्ता दिलेला कागद पुढच्या आढाव्यात टेबलावर असेल अशी आशा.

कुणीतरी अमेरिकेतल्या एनएफपीए या आगीची मानकं काढणाऱ्या संस्थेची पद्धत वाचून आलं होतं. तिथे आगीची संहिता कुणीही बदलायला सांगू शकतं, सभासद असायची गरज नाही, पण नुसतं मत चालत नाही, नेमका मजकूर आणि त्याच्यामागचं कारण दोन्ही द्यावंच लागतं, मग समितीचा पहिला मसुदा, त्यावर पुन्हा लोकांचे अभिप्राय, मग दुसरा मसुदा. म्हणजे दोन वेळा संधी. आपल्याकडे ती दुसरी संधी नसते, एक महिना चुकला की गेलं. म्हणून आमच्यातल्या एकीनं जबाबदारी घेतलीये, राजपत्र, नगरविकास विभाग, बीआयएस आणि वीज नियामक आयोग यांची पानं दर शुक्रवारी बघायची. हे काम वरवर छोटं दिसतं पण माझ्या मते बाकी सगळं याच्यावरच उभंय.

16 एप्रिल, बुधवार

अग्निशमन सेवा सप्ताह चालू आहे. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात गेलेल्या जवानांच्या आठवणीत 14 ते 20 एप्रिल हा आठवडा पाळतात. आम्ही मसुदा घेऊन जवानांशी बोलायला गेलो. एका जवानानं वाचून लगेच विचारलं, मेन स्विच कुठाय हे रात्री धुरात आम्हाला कसं कळणार? आमच्या मसुद्यात ते नव्हतंच. आता ओळ घातली: गेटच्या आतल्या बाजूला बिल्डिंगचा साधा नकाशा, त्यावर मेन स्विच, पाण्याची टाकी, गच्चीचं दार आणि त्याची किल्ली कुणाकडे. गच्चीचं दार हा वेगळा विषय व्हावा इतका मोठा आहे, चोरांच्या भीतीनं बहुतेक ठिकाणी कुलूप असतं. पुण्याजवळ उरुळी देवाचीला 9 मे 2019 ला पहाटे कापडाच्या दुकानात 5 कामगार गेले, आत झोपलेले आणि दाराला बाहेरून कुलूप. कुलूप बघितलं की मला आता तेच आठवतं.

4 मे, रविवार

शेजारच्या सोसायट्यांपुढे मसुदा वाचून दाखवला. विरोध झाला, आणि तो नीट लिहून ठेवायला हवा कारण तोच उद्या सुनावणीत येणार.

एक काका म्हणाले, आमची बिल्डिंग दोन-चार वर्षांत रीडेव्हलपमेंटला जाणार, आत्ता खर्च कशाला. मुद्दा खरा आहे. पण पुण्यात रीडेव्हलपमेंटच्या गप्पा चालू असलेल्या सोसायट्या वर्षानुवर्षं तशाच असतात आणि त्या काळात देखभाल तर सगळ्यात आधी थांबते. मधला मार्ग म्हणून लिहिलं की बांधकाम परवानगी मिळालेली असेल तरच मीटरांच्या कामाला सूट, पिवळ्या पट्टीला सूट नाही.

दुसरा विरोध भाडेकरूंकडून, तो जास्त लागला मनाला. त्या ताई म्हणाल्या, मीटिंगला आम्हाला बोलावत नाहीत, राहतो मात्र आम्हीच. 2006 च्या कायद्यात मालक आणि भोगवटादार दोघंही येतात, मग सूचना द्यायचा हक्कही दोघांना हवा. मसुद्यात "सभासद" होतं तिथे "रहिवासी" केलं.

25 मे, रविवार

सरकारचा नियम व्हायचा तेव्हा होईल, पण सोसायटी स्वतःपुरता नियम आत्ता करू शकते हे आम्ही सुरवातीला ध्यानातच घेतलं नव्हतं. सहकारी संस्थेला आपल्या उपविधीत दुरुस्ती करता येते, सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मतांनी ठराव आणि मग निबंधकांची मंजुरी. सभेची नोटीस 14 दिवस आधी. आज आमच्या सभेत ठराव मांडला, भरपूर वादावादी झाली, चार्जिंग पॉइंटचे पैसे कुणी द्यायचे यावर तर आवाज चढले. शेवटी पॉइंटचा खर्च वापरणाऱ्यांचा, वायरिंगचा सोसायटीचा, असं ठरून ठराव पास झाला. वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना गुडघ्यामुळे जिना उतरायला दहा मिनिटं लागतात, त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आग लागली तर मी कुठून जाऊ ते सांगा." त्यानंतर मतदानाला फार वेळ लागला नाही.

11 जून, बुधवार

विजेची बाजू. वीज कायदा 2003 प्रमाणे विजेबाबतचे विनियम आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करावेच लागतात, राज्य वीज नियामक आयोगाचेही आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचेही, त्यामुळे इथे दार कायद्यानंच उघडं आहे. पुण्यात वीज धोरणाचा अभ्यास करणाऱ्या प्रयास सारख्या संस्था हे काम कित्येक वर्षं करतायत, त्यांची आयोगापुढची निवेदनं वाचली, आकडा, कलम, मागणी, बस. आमची मागणी एकच: जुना मीटर बदलताना किंवा भार वाढवून देताना बोर्डाची जागा तपासून, ती जिन्यात असेल तर ग्राहकाला आणि सोसायटीला लेखी कळवावं. आत्ता मसुदा खुला नाहीये, त्यामुळे निवेदन तयार करून ठेवलंय.

24 जून, मंगळवार

पालखी पुढे गेली, रस्ते मोकळे झाले, आज सगळी पत्रं पोचवली. नगरविकास विभागाच्या प्रधान सचिवांना आणि महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाला 2006 च्या कायद्याखालच्या नियमांतल्या बदलाचा प्रस्ताव. आयुक्तांना कलम 37 खालचा, नवीन इमारतींपुरता, त्यात मीटर रूमला थेट बाहेरून प्रवेश. बीआयएसला ग्राहक संघटनेच्या लेटरहेडवर तक्ता. प्रत्येक ठिकाणी त्या कार्यालयाच्या हातात आहे तेवढंच मागितलंय, सगळं सगळ्यांना नाही पाठवलं. आवक क्रमांक घेतले, ते या वहीच्या शेवटच्या पानावर आहेत.

आमदारांना पण भेटलो. पावसाळी अधिवेशन 30 जूनपासून आहे. आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी मांडू शकतात, अशासकीय विधेयकही आणू शकतात, आणि नागरिकांचा विनंती अर्ज आमदारांच्या मार्फत सभागृहात जाऊ शकतो, त्यासाठी विधिमंडळाची विनंती अर्ज समितीच आहे. आम्ही विनंती अर्जाचा मसुदा आणि एक प्रश्न दिला, आगीच्या अहवालात उगमस्थानाचा रकाना का नाही हा. प्रश्न छोटा आहे, उत्तर द्यावं लागेल असा आहे.

20 जुलै, रविवार

स्थिती. एका कार्यालयाकडून पोच आणि "प्रस्ताव संबंधित शाखेकडे वर्ग" असं पत्र. बाकी उत्तरं यायचीत, महिनाभर झाला की त्याच आवक क्रमांकांवर काय कार्यवाही झाली हे माहिती अधिकारात विचारायचं, अर्ज तयार आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये पिवळी पट्टी आखून झाली. पहिल्या दिवशी दोन गाड्या वर उभ्या होत्या, वॉचमन काकांनी घरोघरी जाऊन हलवायला लावल्या. जिन्याखालचं सामान निघालं. लाकडी बोर्ड बदलायचं कोटेशन आलंय, ते पुढच्या सभेत. चार्जिंग पॉइंट मागच्या उघड्या भिंतीला लागला, एक्स्टेन्शन वायर गेली.

कर्वेनगरच्या एका सोसायटीनं मसुदा मागितलाय, तो पाठवला, पण त्यांच्याकडे मीटरं पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर आहेत, आमच्या मजकुरात ते बसत नाही. पुढच्या रविवारी तिकडे टेप घेऊन जायचंय, फायरमन काका आणि वायरिंगवाले दादा दोघंही येतायत. "जिन्याच्या तोंडाशी" ऐवजी "जिन्याला लागून, कुठल्याही मजल्यावर" असं करावं लागेल बहुतेक, आणि तसं झालं तर सुधारित मजकूर त्याच आवक क्रमांकांचा संदर्भ देऊन परत सगळीकडे द्यायचा.